दादाचं सेशन

आमच्या ऑफिसात इमारतींचे आराखडे काढतात. काढणारे सगळे हल्ली आपापल्या घरी बसतात, पण काम होतं ते ऑफिसातल्या एका सर्व्हरवर. घरच्या कॉम्प्युटरवरून लॉगिन केलं की प्रत्येकाला तिथे आपलं टेबल मिळाल्यासारखं होतं; त्याला सेशन म्हणायचं. सर्व्हरला एका वेळी मोजकीच सेशन झेपतात. लोक मात्र निघताना लॉग-आउट न करता नुसती खिडकी बंद करतात आणि ते सेशन जागा अडवून लोंबकळत राहतं. अशांना हाकलणं हे माझं काम. दिवसभर एकच गाऱ्हाणं, "ताई, मला आत घेत नाहीये हो." भरलेल्या बसची कंडक्टर परवडली.

दादा, माझा थोरला भाऊ, याच ऑफिससाठी आराखडे काढायचा. एका सकाळी काम करता करता तो घरीच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. शुद्ध हरपली ती परत येईना. त्याच्यासारख्याच निपचित पेशंटांच्या वॉर्डात त्याला ठेवलं होतं. दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी हॉस्पिटल अशी माझी फरफट चालली होती. वहिनी तर तिथेच मुक्कामाला. दादाचं सेशन तेवढं मी बंद केलं नाही. उठला की करेल पुढचं, असं स्वतःला सांगत राहिले.

एका दुपारी पडद्यावर त्याच्या सेशनपुढे 'चालू' असं दिसलं.

मी वहिनीला फोन केला. "दादाच्या कॉम्प्युटरवर कुणी बसलंय का?"

"घराला कुलूप आहे गं. किल्ली माझ्या पर्समध्ये. का?"

"काही नाही. सहज."

पासवर्ड बदलला. सेशन चालूच. ते कुठून जोडलंय हे जिथे दिसतं ती जागा कोरी होती. झोप नसली की नाही नाही ते दिसतं, म्हणून तोंडावर पाणी मारून आले. मग त्या सेशनमध्ये डोकावले. तेवढी मुभा मला कामापुरती असते.

कर्सर हलत होता. रेघ ओढायची, जरा थांबायचं, चित्र लांब नेऊन बघायचं आणि पुन्हा जवळ आणायचं. ही खोड दादाचीच. शाळेत तो वहीसुद्धा अशीच हात लांब करून न्याहाळायचा.

आराखडा एका लांबट खोलीचा होता. ओळीने खाटा, त्यातल्या एकीच्या उशाशी जाड खांब. संध्याकाळी वॉर्डात गेले आणि दारातच थबकले. दादाच्या उशाशी खांब होता. रोज त्याला पाठ टेकून बसत होते मी, पण नीट पाहिला तो त्या दिवशी.

दादाचं उजव्या हाताचं बोट चादरीवर हळूहळू आपटत होतं.

"दुपारपासून चाललंय," वहिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आपोआप होतं. तू उगाच आशा लावून बसू नकोस." हे बोलताना तिची नजर त्या बोटावरून हलत नव्हती.

पुढच्या दिवसांत आराखडा भरत गेला. खाटांवर माणसं दाखवणारी छोटी वर्तुळं आली. मग ती खाटांवरून उतरली आणि भिंतीपाशी एकामागे एक उभी राहिली. खोलीला दार मात्र नव्हतं. कर्सर भिंतीवर जागा शोधायचा, दार काढायचा आणि ते पुसलं जायचं. पुन्हा काढायचा. पुन्हा पुसलं जायचं. पुढे पुढे तो मधेच थांबून बराच वेळ तसाच पडून राहायचा, दमल्यासारखा.

मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार?

शेवटी साहेब माझ्या टेबलाशी आले. "सर्व्हर रडतखडत चाललाय. आज सगळ्यांना बाहेर काढा आणि रीस्टार्ट करून टाका."

"साहेब, दादाचं सेशन..."

"कळतंय मला. पण तो आला की नवीन मिळेलच ना त्याला." त्यांच्या आवाजात चीड नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

दुपारी सगळे बाहेर पडले. दादाचं एकटं सेशन उरलं. मी आत शिरले. कर्सर भिंतीपाशी थरथरत होता.

मी त्याचा ताबा घेतला.

त्याने विरोध केला नाही. लहानपणी दादा माझा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायचा तेव्हा माझा हात जसा जायचा, तसा तो माझ्याबरोबर आला.

मी भिंतीत दार काढलं.

ते पुसलं गेलं नाही.

सगळ्यांत पुढचं वर्तुळ दारातून बाहेर सरकलं.

फोन वाजला. वहिनीला हुंदके आवरत नव्हते. "डोळे उघडले गं! ओळखलं मला. पाणी मागितलं."

मी तशीच खुर्चीत रडले. मग डोळे पुसले, ते सेशन बंद करून सर्व्हर रीस्टार्ट केला, पर्स उचलली आणि धावत सुटले.

दादा उशीला टेकून बसला होता. चेहरा पार उतरलेला, आवाज खरखरीत. "दार तू काढलंस?"

मी मान हलवली.

"मग बंद कुणी केलं?"

"बंद?"

"मी पुढे होतो. बाकीचे माझ्या मागून येत होते."

मी वळून पाहिलं. शेजारच्या खाटेवर नर्स धुतलेली चादर घालत होती. तिच्या पलीकडच्या खाटेवर घालून झाली होती. तिच्याही पलीकडच्या खाटेवर. थेट भिंतीपर्यंत सगळ्या खाटा मोकळ्या होत्या आणि चादरींवरच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.