डिक्कीतली रांगोळी

"भर्रर्र... भूम्‌!"

गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. अभयमामाने ऐटीत गाडी बंद केली आणि कालपासूनचं कौतुक पुन्हा सुरू केलं.

"ऐकलंस, मेघा? जुना सायलेन्सर काढून टाकला. नवी नळी रुंद आणि आखूड! धूर झटक्यात बाहेर, इंजिन मोकळं. पिकअप बघ कसला आलाय! चला, पिशोर गावाला निघायचंय. सामान आणा!"

मेघा जागची हलली नाही. सातवीची परीक्षा संपवून ती सिडकोत मामाकडे सुट्टीला आली होती. तिचं सगळं लक्ष मामाच्या छोट्या मुलाकडे, शिवमकडे होतं. काल वेरूळहून परतताना तो गाडीत असा झोपला, की घरी आल्यावर हलवूनही उठेना. उठला तो ओकतच.

"गाडी लागती त्याला," आजी म्हणाली. "लिंबू द्या चोखायला."

"पण आजी, डोकं तर माझंही दुखत होतं. संस्कृतीचंही!"

"ऊन लई होतं ना, बाई."

मेघाला चैन पडेना. तिने मामेबहिणीला बाजूला ओढलं. "संस्कृती, शिवम झोपला कधी, आठवतंय?"

"दौलताबादच्या त्या अरुंद दरवाजापाशी. किती वेळ अडकलो होतो तिथं! गाडी जराही हलत नव्हती."

"म्हणजे गाडी उभी होती! मग उभी गाडी कशी लागेल कुणाला?"

संस्कृतीचे डोळे मोठे झाले.

"काचा बंद, एसी चालू," मेघा भराभर बोलत होती. "पुढे बसलेल्या आजीने पान थुंकायला फक्त तिची काच खाली ठेवली होती. म्हणून पुढे कुणाला काही झालं नाही. मागे मात्र आपल्या तिघांनाही त्रास झाला. धूर आत येतोय गं!"

"येडी! वास नसता आला?"

"त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो आणि रंगही. बाकीचा वास मामाच्या गाडीतल्या त्या मोगऱ्याच्या सुगंधी डबीत बुडाला!"

दोघी मामाकडे धावल्या. मामा खो खो हसला. "अगं, काल वेरूळला निघायच्या आधीच तर नवी कोरी नळी बसवलीय! लई शास्त्रज्ञ झालात! चला, बसा." आणि त्याने शिवमला उचलून मागच्या सीटवर बसवलंसुद्धा.

पिशोर तर वेरूळच्याही कितीतरी पुढे! आता सांगून भागणार नव्हतं. दाखवावंच लागणार होतं.

"शिवम, चल, आजी सरबत देतेय!" तिने त्याला खाली उतरवलं. तोवर संस्कृती घरातून रांगोळीचा डबा घेऊन आली. दोघींनी डिक्की उघडली, तळाचा गालिचा गुंडाळला आणि स्टेपनीभोवती रांगोळी भुरभुरली.

"काय चाललंय मागं?" मामा ओरडला.

"सामान लावतोय, पप्पा!"

मेघा गोड आवाजात म्हणाली, "मामा, एकदा जोरात रेस द्या ना! नवा आवाज नीट ऐकायचाय!"

मामाला एवढंच हवं होतं. "भूम्‌! भूम्‌! भूम्‌!"

स्टेपनीच्या डाव्या कडेची रांगोळी कारंज्यासारखी उसळली! बाकीची होती तिथेच होती.

"मामा, गाडी चालूच ठेवा आणि लवकर मागे या!"

मामा हसत आला आणि रांगोळी उडताना बघून खाली वाकला. त्याने उडणाऱ्या रांगोळीवर तळहात धरला. गरम वारा लागला. त्याने धावत जाऊन इंजिन बंद केलं, परत येऊन स्टेपनी उपसली. खाली पत्र्याला बोटभर भोक होतं आणि त्याची कड काळी पडली होती.

"गॅरेजवाल्याने नळी टांगायला भोक पाडलं आणि तसंच सोडलं," तो पुटपुटला. "नळी कापलीही नेमकी त्याच्या खालीच." त्याने ओट्यावरच्या शिवमकडे पाहिलं. "आणि काल मी म्हणत होतो, झोपू द्या त्याला."

"बोलत काय बसला? आधी दवाखाना!" आजी कडाडली.

डॉक्टरांनी तिन्ही मुलांना तपासलं. आता धोका नव्हता. पण तीच गाडी, काचा लावून, पिशोरपर्यंत... डॉक्टरांनी शिवमच्या डोक्यावरून हात फिरवला.

मामाने गाडी ओढून गॅरेजला पाठवली. भोक बुजवून जुना सायलेन्सर पुन्हा बसवायला सांगितला आणि सगळ्यांना एसटीत बसवलं.

"मेघा," तो म्हणाला, "गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी पिकअपच विचारत सुटलो होतो. कुणाचं डोकं दुखतंय का, ते तू विचारलंस. शाबास, पोरी!"

"आणि रांगोळी कुणी आणली?" संस्कृती फुरंगटली.

"तू गं, माझे वाघिणी!" आजीने तिला जवळ घेतलं.

एसटी खडखडत निघाली. खिडकीतून तापलेला वारा आत येत होता आणि शिवमची टकळी सुरू झाली होती. "पप्पा, ड्रायव्हरकाकांना झोप येत नाही का? पप्पा, एसटी कोण धुतं? पप्पा..."

पिशोर येईपर्यंत त्याला कुणीही गप्प बस म्हटलं नाही.