मोठ्या पट्ट्याची जाळी

सरकून बसा जरा. सिताराम माझ्या पाहण्यातला माणूस, लबाड बोलणारा न्हाई, म्हणून सांगायलोय. कारखान्यात कुठं काय धोका हाय, ते तपासून लिहायची सरकारी नोकरी त्याची.

शहाऐंशी साल. दहा जानेवारी, शुक्रवार, मार्गशीर्षातली अमावस्या. जिंतूर रोडवरल्या एका जिनिंगला, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, तो चौथ्यांदा गेला. दिवसा लाईट नसायची, मशिनी रात्रीच चालायच्या, मग तपासणी बी रात्रीच. तीन खेपा त्यानं लिहून दिलं होतं, मशिनी फिरवणारा मोठा पट्टा उघडा हाय, जाळी बसवा. तीन खेपा मॅनेजर माणिकराव म्हणाला होता, "बसवू की साहेब."

त्या रात्री बी जाळी न्हाई. चहा तेवढा आला.

सिताराम लय वैतागला. "माणसाचा हात गेल्यावर बसवणार का?"

"वीस वर्सांत कुणाचं नख गेलं न्हाई. सही करा अन् मोकळे व्हा."

चहा तसाच ठेवून सिताराम एकटा आत गेला. पट्टा सणसण पळायला होता. कापसाच्या धुरळ्यात लिंबाजी नावाचा कामगार वाकून वंगण घालायला होता. त्याच्या शेजारी एक बाई बसलेली. पदर पट्ट्याला लागायच्या बेतात.

"बाई, मागं सरका."

सरकली न्हाई.

"अहो बाई, ऐकू येतं का..."

तिनं वर पाहिलं. दमल्यावानी. म्हणाली, "साहेब, नुसतं लिवूनच जाता..."

अन् हिरव्या बांगड्यांचा हात पट्ट्यात घातला.

सितारामनं धावत जाऊन मेन स्विच ओढला. पट्टा थांबला. सगळं गप.

लिंबाजी एकटाच उभा.

"बाई कुठंय?"

"कोणती बाई, साहेब...?"

माणिकराव तणतणत आला. "रात्रपाळीला बाया ठेवतच न्हाई आमी. चालू करा रे."

लिंबाजीनं आधी पट्ट्यावर बॅटरी मारली. जोडापाशी पट्टा फाटला होता. दोन बोटांएवढाच धरून होता. तुटला असता तर थेट त्याच्या तोंडावर आला असता.

माणिकरावनं मिस्त्रीला निरोप धाडला, अन् सिताराम तिथंच थांबला.

सकाळी जाळी बसवायला मिस्त्री आला. तो खाली वाकला... तसाच राहिला. मग त्यानं सितारामला बोलावलं.

पट्ट्याच्या चाकाचा लोखंडी दांडा, मनगटाएवढा. दोन्ही टोकं भिंतीत पक्की, जिनिंग बांधल्यापासून कधी सोडलेला न्हाई.

त्या दांड्यात ओवलेली हिरवी बांगडी होती. काचेची.

अख्खी.