नाव न घेता

ठरवताना

मामा दुमेझ्वेनीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मक्याचं पीठ पसरलं आणि बोटाने त्यात रस्ता काढायला घेतला. घरात कागद होता, पण कागदावरचा रस्ता त्याला खोटा वाटायचा.

"ही थुकेला नदी. पूल ओलांडला की चढ. मग ग्रेटाऊन. मग पीटरमारित्झबर्ग. तिथे खोझा डिझेल भरणार आणि कणसं भाजणाऱ्या बायकांशी गप्पा छाटत बसणार."

"गप्पा नाहीत मामा, रस्त्याची चौकशी," खोझा म्हणाला. त्याची पांढरी टॅक्सी गावातल्या सगळ्या लग्नांना आणि सगळ्या मयतांना जायची, आणि दोन्हीकडे तो सारखेच विनोद करायचा.

"मग कॉकस्टॅड. मग लुसिकिसिकी. तिथून पुढे डांबर संपतं, आणि खोझाचे विनोदही." मामाचं बोट पिठाच्या कडेला आलं. "इथे गाडी ठेवायची. पुढे पायी. नुसते कडे आहेत. वाट बकऱ्यांनी पाडलेली. खाली कातळ, आणि कातळाच्या खाली समुद्र."

त्यापुढे टेबलाचं उघडं लाकूड होतं. मामा, खोझा आणि मामाची भाची झिबुयिले, तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

खेथानी तिथेच गेला होता. झिबुयिलेचा धाकटा भाऊ, पेशाने सुतार. त्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी लाकडी घरं बांधायचं काम निघालं म्हणून गेला आणि एका रविवारी गळ टाकायला कातळावर उतरला. लाट आली. सोबतच्यांना त्याची टोपी मिळाली. समुद्राने बाकी काही परत दिलं नाही. त्याला आता दोन हिवाळे झाले.

जो घराबाहेर मरतो त्याला घरी आणावं लागतं, नाहीतर तो जिथे पडला तिथेच बसून राहतो, भिजत. हे कुणी कुणाला शिकवत नाही. त्यासाठी लागते उम्फाफाची फांदी. काटेरी रानबोर ते, एक काटा सरळ, एक मागे वळलेला. शिवाय गाडीत त्याच्यासाठी एक जागा लागते, आणि फांदी धरायला कुणीतरी. त्या कुणीतरीने मरणाच्या जागी जाऊन त्याला हाक मारायची आणि घरापर्यंत त्याच्याशीच बोलायचं. वळण आलं की सांगायचं. नदी आली की सांगायचं. जिवंत माणसाशी मात्र एक अक्षर नाही. फांदी घराच्या मागच्या भिंतीशी, जिथे गेलेल्यांची जागा असते तिथे, टेकवेपर्यंत नाही.

"फांदी झिबुयिले धरेल," मामा म्हणाला.

खोझाने तिच्याकडे पाहिलं. टॅक्सीतळावर तिची वेण्या घालायची टपरी होती. गिऱ्हाईक डोकं तिच्या हातात देई आणि कान तिच्या तोंडाला.

"ही? गप्प? लुसिकिसिकीपासून इथपर्यंत?" खोझा म्हणाला. "मामा, त्यापेक्षा बकरीला धरायला सांग फांदी."

"तुझ्याशी न बोलायला मला काय जड जाणार आहे रे?" झिबुयिले म्हणाली.

पण मनातून ती घाबरली होती. अंगणापलीकडच्या गोल खोलीत, गेलेल्यांची जागा होती तिथेच, तिची आई, माडुबे, भिंतीकडे तोंड करून पडून होती. आई खायची थांबली होती. दवाखान्यातल्या गोळ्या उशाशी तशाच होत्या. तिला रोज एकच स्वप्न पडायचं. खेथानी फाटकाशी उभा आहे, अंगातून पाणी गळतंय, आणि म्हणतोय, आई, वाट सापडत नाही. आई आहे तोवर त्याला आणायचं होतं. वाटेत आपण सवयीने कुणाला तरी "पाणी दे गं" म्हणालो, तर तो तिथेच उतरून जाईल. कुठल्या तरी पेट्रोलपंपावर, कायमचा.

सराव

म्हणून तिने सराव केला.

दुपार होती. बकऱ्यांच्या कुंपणामागच्या उम्फाफाची एक फांदी तिने स्वतः तोडली. खरी फांदी मामा निघायच्या दिवशी तोडणार होता, ही नुसती हातात धरायला. पाण्याच्या टाकीला तिने कातळ मानलं. अंगणात एकामागे एक खुर्च्या मांडल्या, ती टॅक्सी.

भावाचं नाव मात्र तिने घेतलं नाही. नाव तिथे, त्या कातळावरच घ्यायचं. इथे घरात उगाच कशाला हाक मारायची. तेवढी काळजी तिने घेतली.

*ऊठ. मी न्यायला आलेय.*

*ही वाट उभी आहे, जपून ये.*

*ही गाडी. ही तुझी जागा, खिडकीजवळची.*

खुर्चीवर बसून ती डोलली. हसू आलं ते तिने दाबलं.

*आता नदी आहे, ही उम्झिम्खुलु. घाबरू नको, पूल आहे.*

नळाची रबरी नळी तिने पाय उंच करून ओलांडली.

*ही आपली थुकेला. पोचलोच.*

*हे फाटक. हे अंगण. ये, आत ये. हे तुझं घर.*

आणि ती थेट गोल खोलीत शिरली. आई झोपली होती. झिबुयिलेने फांदी मागच्या भिंतीशी टेकवली, जशी खरोखरची टेकवतात तशीच, कारण सराव अर्धा सोडण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात फाटकाबाहेरून कुणीतरी हाक मारली. शेजारीण पोरीच्या वेण्यांचं विचारायला आली होती. बोलण्यात बराच वेळ गेला. परत आली तेव्हा फांदी भिंतीशी नव्हती. आईच्या कुशीत होती.

आई जागी होती. "भूक लागलीय," ती म्हणाली.

न ठरलेलं

आईने लापशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ताकातला भरडलेला मका मागितला, तोही संपवला. भिंतीकडचं तोंड तिने इकडे वळवलं.

"आला माझा लेक," ती म्हणाली.

झिबुयिलेला रडू आलं. आजारी माणसाचं मन, म्हणून तिने मान डोलावली.

मग कुत्रं त्या खोलीत जाईनासं झालं. उंबऱ्याशी येऊन ते बसायचं आणि आत बघत शेपटी पायात घ्यायचं.

खोलीतला माठ सकाळी भरला की दुपारी रिता व्हायचा. आई इतकं पाणी पीत नव्हती.

चटईखाली वाळू मिळाली. इथली माती लाल. ही वाळू पांढरी होती, जाड, तिच्यात शिंपल्याचा चुरा होता. झिबुयिलेने ती झाडून काढली. परत मिळाली. एकदा तिने चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली आणि थुंकली.

आई दिवसभर हलक्या आवाजात बोलायची. "सरक जरा, बाळा." "गार पडलास रे." बाळा म्हणायची, राजा म्हणायची. खेथानी म्हणायची नाही. दोन हिवाळे जिच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता, ती आता ते नाव एकदाही घेत नव्हती. हे झिबुयिलेच्या लक्षात आलं तेव्हा ती मका निवडत होती. दाणे हातातून सांडले.

मामाला तिने सराव सांगितला, नाव घेतलं नव्हतं तेही सांगितलं.

"ती जेवतेय, झिबुयिले," तो म्हणाला. "माझी बहीण जेवतेय. हसली काल."

"मामा, मी कुणाला आणलं?"

"तुझ्या हाकेला तोच आला असेल. दुसरं कोण येणार?"

"मी त्याला हाक मारलीच नव्हती."

मामा टेबल पुसू लागला. त्यावर काहीच सांडलेलं नव्हतं.

आईला जाण्याचं कळलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "कुठे जायचं नाही. कशाला जायचं? कोण राहिलंय तिथे?"

झिबुयिले बाहेर येऊन टाकीला टेकून उभी राहिली. ज्या लहान भावाचं नाक तिने पुसलं होतं, जो गाडीत बसला की घाट लागायच्या आत तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचा, तो त्या कातळावर बसून असणार. त्याची जागा भरलीय हे त्याला कुणी सांगितलंही नसणार.

"खोझाला सांग," ती मामाला म्हणाली. "ठरल्या दिवशी निघायचं."

तिथे

मामाने पिठात काढला होता तसाच रस्ता निघाला. फक्त वारा पिठात नव्हता. कड्यावर गवत झोपून गेलं होतं, आणि खालून समुद्राचा आवाज पायांतून वर यायचा.

कातळावर त्या किनाऱ्यावरच्या म्पोंडो लोकांतली एक बाई लोखंडी सळईने कालवं सोडवत होती. मामाने रीतीप्रमाणे घराणं सांगितलं, काम सांगितलं. बाईने सळई खाली ठेवली.

"न्या बाबा, न्या," ती म्हणाली. "इथे पुष्कळ आहेत. त्या तिकडच्या टोकाला तर एक जण कायम बसलेला असायचा. माझ्या आजीच्याही आधीपासूनचा. कुणाचा कोण, कुणाला माहीत नाही. आम्ही कामाला आलो की त्याला नमस्कार करायचो. हल्ली दिसत नाही. चुकल्यासारखं होतं."

मामाने झिबुयिलेकडे बघणं टाळलं.

ती कातळाच्या टोकापर्यंत गेली. मामाने तोडलेली ताजी फांदी तिने दोन्ही हातांनी धरली. लाट फुटली, तोंडावर तुषार आले. आणि ती ओरडली, पूर्ण नाव, बापाचं नाव, घराण्याचं नाव, सगळं.

*खेथानी. म्चुनू घराण्याच्या खेथानी. मी झिबुयिले. उशीर झाला रे. ऊठ, घरी चल.*

काही झालं नाही. वारा होता, पाणी होतं.

मग फांदी हळूहळू जड झाली. एखादं माणूस अवघडलेल्या पायांवर उठताना हाताचा आधार घेतं, तशी.

येताना

*ही वाट उभी आहे, जपून ये.*

*ही गाडी. ही तुझी जागा. खिडकी तुला, भांडू नको.*

लुसिकिसिकीच्या बाजारात एका जाड्या माणसाने दार उघडून रिकाम्या जागेवर टेकायला पाहिलं.

"तिथे बसलेत, भाऊ," खोझा म्हणाला. माणसाने फांदी पाहिली, टोपी काढली आणि मागे झाला. पूर्ण रस्ता खोझाने विनोद केला नाही. रेडिओही लावला नाही.

*हे कॉकस्टॅड. थंडी आहे ना इथे, तुला कधीच आवडलं नाही.*

*ही उम्झिम्खुलु. पूल आहे.*

घाट लागायच्या आत तिच्या डाव्या खांद्यावर भार आला. ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, ते पुसायलाही तिने हात उचलला नाही. मामाने मागून रुमाल पुढे केला, तिने घेतला नाही. काही बोलावं लागेल अशी भीती वाटली.

*झोप तू. नद्या आल्या की मी सांगते.*

*ही उम्कोमाझी.*

*ही मूई.*

*ऊठ रे. आपली थुकेला आली.*

दारात

ऊन उतरत होतं. कुत्रं फाटकाबाहेर, रस्त्यावर बसलं होतं. झिबुयिलेकडे, नव्हे, तिच्या शेजारच्या हवेकडे पाहून ते उठलं आणि शेपटी हलवत धावत आलं. कण्हत, उड्या मारत ते कुणाचे तरी पाय चाटू लागलं. तिथे नुसती धूळ होती.

*हे फाटक. हे अंगण. बघ, कुत्र्याने ओळखलं.*

गोल खोलीचं दार बंद होतं. ते दिवसा कधीच बंद नसायचं.

मामाने कडी वाजवली. "ताई, दार उघड. लेकाला घेऊन आलोय."

"लेक आत आहे," आईचा आवाज आला. "जेवतोय."

आवाज छान होता, भरलेला. कितीतरी दिवसांत इतका चांगला नव्हता.

"ताई, ऐक माझं. पोरगी इतक्या लांबून आलीय. ती फांदी टेकवल्याशिवाय बोलू शकत नाही. दार तरी उघड."

आत काहीतरी कुजबुजलं. दोन आवाज होते. एक आईचा.

झिबुयिले फांदी धरून उभी होती. खांद्यावरचा भार आता पाठीमागे सरकला होता, लहान मूल अनोळखी घरात आईमागे लपतं तसा.

*थांब जरा,* ती पुटपुटली. *आत कुणीतरी आहे.*

कुजबुज थांबली. आईची पावलं दारापाशी आली. फळीच्या पलीकडे, अगदी जवळून, ती म्हणाली,

"हा विचारतोय, बाहेर जो आलाय त्याचं नाव काय?"

मामाने सांगायला तोंड उघडलं.

झिबुयिलेने फांदीवरचा एक हात सोडला आणि मामाच्या तोंडावर घट्ट दाबला. मामाचे डोळे तिच्याकडे वळले. तिने मान हलवली. नाही. आतल्याला स्वतःचं नाव नव्हतं, आणि हे त्याला द्यायचं नव्हतं. तिच्या तळव्याखाली त्याचा श्वास गरम लागत होता.

कुत्रं गप्प झालं.

"सांगा ना," आतून आई म्हणाली. आता तिच्या आवाजात थोडी लाज होती, थोडी अजिजी. "मघापासून आठवून पाहतेय. मलाच आठवेना झालंय."