चढ कोण चढतं?

परीक्षणशाळेत दोन पोलादी रोलरांवर हेमलताची सायकल उभी होती. तिच्यासमोर खुर्ची टाकून शशिकांत इंगवले उलटतपासणीला आलेल्या वकिलासारखा तिच्याकडे बघत होता. सायकल जुनीच. मागच्या चाकात मोटार, कॅरिअरखाली बॅटरी आणि मधल्या नळीला आवळलेली तळहाताएवढी काळी डबी, म्हणजे पूरक नियंत्रक. साध्या सायकलची विजेची सायकल करणाऱ्या जोडसंचासाठी ही डबी डॉ. शबाना मुजावरनं तयार केली होती. शशिकांतच्या कारखान्याशेजारी तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे ती त्याला काकाच म्हणे.

डबीत खोट निघावी अशी शशिकांतची मनापासून इच्छा होती. डबी खोटी निघाली तर संसार ठीक होता. डबी खरी निघाली तर बायको खोटी ठरत होती.

शशिकांत कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला. त्या भागातल्या माणसांची एक खोड असते, कुणी कसलीही तक्रार केली की त्यांचा हात आधी पान्याकडे जातो. मागच्या वर्षी हेमलता म्हणाली होती, टेकडीचा चढ आताशा जड जातो, पाय भरून येतात. दुसऱ्या कुणा नवऱ्यानं तिला बसवून पाणी दिलं असतं. यानं सायकल उलटी केली, जुना नियंत्रक सोडवला आणि मोटारीच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या वायरी नव्या डबीला जोडल्या. आधी दोन वायरी उलटसुलट लागून चाक मागेच फिरलं. त्या बदलल्यावर सगळं सुरळीत झालं. जुना नियंत्रक घरघरायचा, चढावर गचके द्यायचा. नव्याचा आवाजसुद्धा नव्हता. संध्याकाळी हेमलता, सायकल पिसासारखी हलकी चालते, म्हणाली आणि हा गडी आठवडाभर खुशीत होता.

पुढे बॅटरी लवकर उतरू लागली. आधी थोडी, मग बरीच, आणि हल्ली हेमलता घरी येईपर्यंत बॅटरी रिकामी असे. त्यानं बॅटरी बदलून पाहिली, तीही तशीच उतरली. हेमलता रोज दुपारी टेकडीवरच्या अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पुस्तकं वाचून दाखवायला जाई. अंतर तेच, अंतरमापकावरही तेच. पण मापकाचा चुंबक जरा फिरवून ठेवला की किलोमीटर मोजलेच जात नाहीत, हे यानंच तिला एकदा हसत हसत दाखवलं होतं.

वसतिगृहात मिरजकर नावाचे एक निवृत्त रेडिओ निवेदकही वाचायला येत. त्यांचा आवाज फार गोड आहे, असं ती दोनदा म्हणाली होती. चाळीस वर्षं साध्या चपलेवर काढलेल्या बाईनं अलीकडे पट्ट्याच्या नव्या सँडल घेतल्या. कारण विचारलं तर म्हणे, चपला पायात राहत नाहीत. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. शशिकांतला रात्री जेवण जाईना. तिच्या मागे मागे जाणं त्याला कमीपणाचं वाटे आणि तिला सरळ विचारायचं धाडस नव्हतं. माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही, अशी त्याची पहिल्यापासून श्रद्धा. म्हणून हेमलता जेवून आडवी झालेली असताना तो सायकल टेम्पोत घालून इथे शबानाकडे घेऊन आला होता.

"ही डबी करते काय, ते एकदा नीट सांग," तो म्हणाला.

"साधं आहे, काका. रस्त्यावर प्रत्येक ठिकाणी चालवणाऱ्याचा नेहमीचा वेग काय असतो, ते ती पहिल्या काही दिवसांत शिकते. पुढे तो वेग राखते. पायांनी किती जोर दिला ते पेडलमधला बलमापक सांगतो. जेवढा कमी पडेल तेवढा मोटार घालते."

"आणि पाय कमी पडायलेत हे बसलेल्याला कळतं?"

"कळू नये, हीच तर तिची खुबी." शबानाच्या चेहऱ्यावर अभिमान होता. या एका खुबीसाठी तिनं सहा वर्षं घालवली होती.

तिनं रोलरांना टेकडीच्या रस्त्याचे चढउतार नेमून दिले आणि शशिकांतलाच वर बसवलं. पडद्यावर पायांच्या जोराची हिरवी रेघ आणि मोटारीच्या जोराची तांबडी रेघ सरकू लागली. जाऊन येऊन बॅटरी निम्मीसुद्धा उतरली नाही. शबानानं मोटार तपासली, वायरी तपासल्या, ब्रेक चाकाला घासत नाहीत ना तेही पाहिलं. कशातच खोट निघाली नाही.

"मग रोज रिकामी कशी होते?"

"एक तर गाडी जास्त अंतर जाते," शबाना म्हणाली, "नाहीतर…" ती थांबली आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत राहिली.

शशिकांतनं पहिलं अर्धं वाक्य तेवढं ऐकलं. त्याला हवा होता आणि नकोही होता, तो पुरावा हाती आला होता. घाम पुसत तो खाली उतरला. शबाना म्हणाली, काकूंना बोलावून घ्या, त्यांनाही एकदा बसवून बघू. त्याला हे फारच पसंत पडलं. जे काय व्हायचं ते तिसऱ्या माणसासमोर, यंत्राच्या साक्षीनं होऊन जाऊ दे, असं त्याला वाटलं.

हेमलता रिक्षानं आली ती वैतागूनच. वाचनाची वेळ झाली होती, मुलं वाट बघत असतील, आणि सायकल न विचारता कशाला नेली, असं सगळं एका दमात बोलून झालं. तरी शबानानं विनंती केली म्हणून ती सायकलवर बसली. तिला पडदा दिसणार नाही, असा तो वळवलेला होता.

चाक फिरू लागलं. सपाटी झाली, चढ आला, वेग तसूभरही ढळला नाही. हेमलता आरामात पेडल मारत मुलांना सध्या कुठलं पुस्तक वाचून दाखवतेय ते सांगत होती. शशिकांत मात्र पडद्याकडे बघत होता. तांबडी रेघ वर टेकली होती आणि हिरवी तळाशी सरपटत होती. उजवा पाय खाली जाताना ती थोडी उचले. डाव्या पायाला तर जवळजवळ हलतच नव्हती.

शबानानं मोटारीचा जोर हळूहळू कमी केला. चाक मंदावलं आणि भर चढावर थांबलं.

"बंद पडली वाटतं," हेमलता म्हणाली.

"काकू, डावं पेडल जरा जोरात दाबा."

"दाबतेय की."

ती खरोखर दाबत होती. ओठ घट्ट मिटलेले, हँडलवर बोटं पांढरी पडलेली. पेडल जागचं हललं नाही.

शबाना शशिकांतला बाजूला घेऊन गेली. अभिमान तिच्या चेहऱ्यावरून पार उतरला होता.

"काका, रस्ता तोच, वेग तोच, वजन तेच. म्हणजे लागणारी एकूण शक्तीही तीच. ती देणारे दोघंच, पाय आणि मोटार. मोटारीचा वाटा वाढला म्हणजे काकूंच्या पायातला जोर वर्षभर कमी होत आलाय. चपला पायात राहत नाहीत असं त्या मघाशी म्हणाल्या, तेही त्यामुळेच. कंबरेत नस दाबली गेली असेल किंवा आणखी काही असेल, ते डॉक्टर सांगतील. पण नस मेली तर परत येत नाही, म्हणून आजच जायला हवं. काकू सगळीकडे सायकलवरच फिरल्या आणि माझ्या डबीनं त्यांना कळूच दिलं नाही."

 शशिकांतला एक पळवाट अजून शिल्लक होती. हेमलता खरंच आणखी कुठे जात असेल, तर बॅटरीचा हिशेब लांबच्या रस्त्यानंही जुळला असता, आणि मग हा पाय आज नुसता दमलेला ठरला असता. तो सायकलजवळ गेला. इतके महिने जे विचारायची छाती झाली नव्हती, ते त्यानं आता अगदी काकुळतीनं विचारलं.

"हेमा, मी रागावणार नाही. शपथ. दुपारची तू आणखी कुठं कुठं जातेस?"

तिनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं.

"मी कुठं जाणार हो? टेकडीवर, आणि तिथनं सरळ घरी."

ती खोटं बोलत असावी, या आशेनं तो तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिला. तिथे काहीच नव्हतं. त्याचा तिच्या शब्दावर पुरता विश्वास बसला, आणि तिला सायकलवरून उतरवायला हात पुढे करताना तो लहान मुलासारखा रडू लागला.