ठेंगणी खुर्ची

सिनेमाचं काम आटोपलं होतं, आता सेट मोडायचा होता. मोडण्याआधी एकदा नजर टाकून सुतारांना हो म्हणायचं, एवढ्यासाठीच कलादिग्दर्शक भरदुपारी स्टुडिओत आला. त्या गोदामाला खिडकी नव्हती. आत दुपार काय नि मध्यरात्र काय, सारखीच. प्लायवूडचा, सरसाचा आणि तापून निवलेल्या दिव्यांचा वास तेवढा कोंडून राहिला होता.

सेट म्हणजे मोठ्या साहेबांचं ऑफिस. छत मुद्दाम खाली आणलेलं, भिंती आत आत येत गेलेल्या, दार लांब, टेबल अवाढव्य. साहेबांची खुर्ची चौथऱ्यावर आणि समोरच्या खुर्चीचे पाय कापून तिला ठेंगणी केलेली. "आत येणाऱ्याचं तोंड एवढंसं झालं पाहिजे," असं तो सगळ्यांना ऐटीत सांगायचा.

ते एवढंसं झालेलं तोंड त्याने कुठे पाहिलं होतं, हे मात्र तो सांगत नसे. बाबा जन्मभर कारकून. लहानपणी एकदा त्यांचा डबा पोचवायला गेला, तेव्हा साहेबांसमोर बसलेले बाबा त्याला दिसले होते.

आणि तरीही, शूटिंगच्या वेळी एकदा नटाला यायला उशीर होता, प्रकाश लावायला कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून त्याने बाबांनाच त्या खुर्चीत बसवलं. ते बिचारे इस्त्रीचा सदरा घालून मुलाचं काम बघायला हौसेने आले होते.

"हलायचं नाही हं बाबा. मी सांगेपर्यंत."

"नाही हलत."

गुडघे जुळवून, त्यांवर हात ठेवून ते बसले. दिवेवाला हसला. "अगदी खराखुरा कारकून पकडून आणलात की!" तोही हसला. हे माझे वडील आहेत, असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

मग जेवणाची सुट्टी झाली, दिवे मालवले आणि तो त्यांना चक्क विसरला. जेवून, गप्पा हाणून परत आला, तर त्या मिट्ट काळोखात बाबा तसेच बसलेले.

"अहो, उठायचं नाही का?"

"तू सांगेपर्यंत म्हणाला होतास ना..."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. त्यामुळेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज माफी मागू, उद्या मागू, असं करता करता बाबाच गेले.

आता तो सेटवर एकटा होता. भिंतीपलीकडे सुतार खिळे उपसत होते. आत एकच दिवा जळत होता. तेवढ्यात ठेंगण्या खुर्चीचा वेत करकरला... अवघडलेलं माणूस बसल्या जागी जरासं सरकतं, तसा. थोड्या वेळाने पुन्हा. इस्त्रीच्या कापडाचा वास आला.

त्याला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. तो चौथऱ्यावर चढून साहेबांच्या खुर्चीत टेकला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाबा... चुकलो मी. उठा आता. झालं काम."

करकर थांबली. कुणीतरी लांब सुस्कारा सोडला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळे पुसून त्याने वर पाहिलं, तर टेबलाची कड त्याच्या हनुवटीशी होती. गुडघे जुळलेले. हात गुडघ्यांवर. छत तर डोक्याला टेकेल इतकं खाली आलेलं.

"साहेब," पलीकडून सुताराने विचारलं, "ओढू का भिंत?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. आधी समोरून कुणीतरी ऊठ म्हणायला हवं होतं.

टेबलापलीकडे मोठ्या खुर्चीचं चामडं हळूच दबलं. तो आशेने तिकडे बघत राहिला... पण कुणावर हुकूम सोडायची बाबांना जन्मात सवय नव्हती.