डावं पुढचं चाक

दसरा होऊन तिसरा दिवस. उंबरपठारावरून निघालेली मालन गुरवची जीप घाटाच्या चौथ्या वळणावर आली आणि डाव्या पुढच्या चाकातून खर्र... खर्र... असा आवाज सुरू झाला. मालनने वेग कमी करून कान दिला. पण तिच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी कान दिला होता.

"डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आणि आस यांची झीज मर्यादेपलीकडे गेली आहे," स्टिअरिंगखालून एक गोड बायकी आवाज म्हणाला. "सेवासमाप्ती. हे वाहन उद्या सकाळी दहा वाजता कायमचं बंद होईल. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

"सहकार्य कोण करतंय गं, भवाने?" मालन म्हणाली.

त्या भवानीचं सरकारी नाव ध्वनिवैद्य. साबणाच्या वडीएवढी डबी, आणि चारही चाकांपाशी चिकटवलेले तिचे चार कान. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला ती बसवणं चार वर्षांपूर्वी सक्तीचं झालं होतं. आवाजावरून ती गाडीचं दुखणं ओळखायची आणि बहुतेकदा बरोबर ओळखायची. तिच्यामुळे घाटातले अपघात निम्म्यावर आले होते, हे मालनही नाकारत नव्हती. पण तिनं एकदा सेवासमाप्ती म्हटलं की संपलं. चाकांच्या नटांवर निळी सीलं असत, ती फोडायचा हक्क फक्त तपासणी केंद्राला. आणि केंद्रातली माणसं चाक उघडून बघण्याच्या फंदातच पडत नसत. वैद्यानं ऐकलंय ना, मग बघायचं कशाला? गाडी थेट भंगाराच्या आवारात जायची. लोक त्याला 'विसर्जन' म्हणायचे.

मागच्या सीटवर सीतारामतात्या शाल घट्ट ओढून बसले होते. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मालन त्यांना खाली तालुक्याला डायलिसिससाठी न्यायची. विनाचालक रुग्णवाहिका पठारावर येत नसत. त्यांच्या नकाशात तिथला रस्ता होता, पण त्यांना तो रस्ता वाटत नव्हता.

"मालन," तात्या हळूच म्हणाले, "आजचं होईल. शुक्रवारचं कसं?"

"शुक्रवारी बी मीच न्हेणार तुमास्नी. गप बसा."

तिनं गाडी कडेला घेतली आणि चार हात मागे घेऊन पाहिली. आवाज गायब. पुढे घेतली, परत खर्र. मग जॅक लावून चाक उचललं, वरखाली धरून गदागदा हलवलं. तसूभरही ढिलं नव्हतं. बावीस वर्षं ती ही गाडी चालवत होती. खराब बेअरिंग घुमतं, पुढे घ्या की मागे घ्या, ते रडतच राहतं. हे रडणं नव्हतं. चाकात काहीतरी अडकलं होतं. गाडी शाबूत आहे आणि ही डबी तिला धडधडीत मारायला निघालीय, हे कळल्यावर मालनला जो संताप आला, तो तिनं उरलेला घाट सावकाश उतरताना दाबून धरला.

तात्यांना इस्पितळात सोडून ती बाबालाल पटवेगारांच्या शेडवर गेली. बाबालाल म्हणजे तालुक्यातले सगळ्यांत जुने मिस्त्री. सीलं आल्यापासून शेडला कुलूप होतं, पण म्हातारा रोज येऊन दारात बसायचा. त्यांची स्वतःची जीप गेल्या वर्षीच विसर्जनाला गेली होती.

"सील फोडायचंय, चाचा."

"आगं, लायसन जाईल कायमचं."

"गाडीच ऱ्हायली न्हाई, तर लायसन काय चाटायचंय?"

बाबालालनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग उठून कुलूप काढलं आणि चाकापाशी उकिडवे बसले. बसल्या बसल्या त्यांनी नाक वर केलं.

"वाटण कुठं भाजतंय?"

शेडच्या आसपास घर नव्हतं, हॉटेल नव्हतं. मालन खाली वाकली आणि तिनं चाकाला नाक लावलं. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंग वास तिथूनच येत होता.

तिनं छिन्नी हाणली. एकेक निळं सील टणकन उडालं. "अनधिकृत हस्तक्षेप," गोड आवाज म्हणाला, "निरीक्षकांना कळवण्यात आलं आहे." "कळीव की," मालन म्हणाली आणि तिनं चाक खेचून काढलं. ब्रेकची चकती आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये करवंटीचा बोटभर तुकडा पाचरीसारखा बसला होता. आतल्या बाजूचं खोबरं चकतीवर घासून काळंतपकिरी झालं होतं.

दसऱ्याचा नारळ! सगळं जग गाडीपुढच्या दगडावर नारळ फोडतं. उंबरपठारापासून तालुक्यापर्यंतच्या पट्ट्यात मात्र तो डाव्या पुढच्या चाकाच्या लोखंडावरच हाणायचा, अशी वाडवडिलांपासूनची रीत होती. शनिवारी मालननंच तो हाणला होता, चांगला जोर लावून.

पाऊण तासात निरीक्षक आली. रसिका तोडकर, तिशीतली, इस्त्रीचा शर्ट. फुटलेली सीलं बघून तिनं पाटीएवढा संगणकाचा पडदा उघडला. "तुमचं नाव सांगा."

मालननं नाव सांगितलं, आणि करवंटी तिच्या तळहातावर ठेवली. "हे तुमचं बेअरिंग. दसऱ्याला चाकावर नारळ हाणतो आमी. वास घ्या."

रसिकानं वास घेतला. तिचा चेहरा जरा बावळट झाला. "पण... वैद्यानं ऐंशी लाख चाकांचे आवाज ऐकलेत."

"त्यातली किती ह्या पट्ट्यातली? तिला कान हाय, बाई. नाक न्हाई, आन् दसराबी म्हाईत न्हाई."

बाबालाल भिंतीला धरून उभे राहिले. "म्याडम, माझी गाडी गेली ती दसऱ्यानंतर पाचव्या दिशी. डावं पुढचंच चाक. तुमच्या पाटीवर असंल सगळं. बघा की."

रसिकानं पडद्यावर बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग ती मडगार्डला टेकली. चारही वर्षांच्या आलेखांत दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात सेवासमाप्तीची रेषा उभी चढत होती. "आम्ही याला पावसाळ्यानंतरची झीज म्हणतो," ती पुटपुटली. "आणि ही सगळी... डावी पुढचीच आहेत. रस्त्याच्या डाव्या कडेला खड्डे जास्त, असं अहवालात लिहिलंय."

"कुणी लिवलंय?"

"मी," रसिका म्हणाली.

रसिकानं निर्णयाचं पान उघडलं. कारणांच्या यादीत त्रेसष्ट कारणं होती, नारळ त्यात नव्हता. अगदी तळाशी एक ओळ होती, 'ऐकण्यात चूक'. आजवर तिच्यापुढे कुणीच सही केली नव्हती. "सही केली तर मलाच जाब द्यावा लागेल," ती म्हणाली.

"मग द्या की! मी छिन्नी मारताना कुणाला इचारलं?"

रसिकानं सही केली. स्टिअरिंगखालची भवानी म्हणाली, "सेवासमाप्ती रद्द. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." या वेळी मालननं तिला शिवी दिली नाही.

तात्यांना अजून दोन तास लागणार होते. चाक बसवून मालननं जीप सुरू केली. आवाज नव्हता. तिनं बाबालालना पुढे बसवलं आणि रसिकाला म्हणाली, "चला, आवार उघडा."

भंगाराच्या आवारात दाबयंत्राची वाट बघत एक्केचाळीस गाड्या उभ्या होत्या. बाबालालची हिरवी जीप तिसऱ्या रांगेत होती, पाठीवर वर्षाची धूळ. या वेळी सीलं रसिकानं स्वतः तोडली. म्हाताऱ्यानं चाक मात्र कुणाला काढू दिलं नाही. पत्र्यामागे दोन बोटं घालून त्यांनी काळा पडलेला तुकडा ओढून काढला, आणि करवंटी मुठीत धरून ते तिथंच धुळीत बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "चांगली व्हती गं माझी गाडी," ते म्हणाले. "म्या सांगत व्हतो ना सगळ्यास्नी, चांगली हाय म्हून."

मालननं जॅक उचलला आणि ती शेजारच्या गाडीकडे वळली. तिचंही डावं पुढचं चाक तिनं काढलं. पत्र्यात बोटं घालता घालता तिची नजर आवाराच्या टोकाला गेली. तिथं दाबून झालेल्या गाड्यांचे चौकोनी ठोकळे पुरुषभर उंच रचून ठेवले होते.

"म्याडम," तिनं विचारलं, "ह्यांची चाकं आता कुठनं उघडायची?"