पाच बोटं

हार्टली एल्डरसन त्या रविवारी घरातून निघाला तेव्हा त्याच्या मनात भुताखेतांचा विचार यायचं काही कारणच नव्हतं. व्हॅनमध्ये मागे मोटारसायकल दोरांनी आवळलेली, फ्लास्कमध्ये चहा, कागदात गुंडाळलेली बेकनची दोन सँडविचेस, आणि गुडघ्याला बायकोने स्वतःच्या हाताने बांधून दिलेला पट्टा. वय एकसष्ट. आठवडाभर दुधाचा टँकर चालवायचा आणि रविवारी क्लबच्या ट्रायलला जायचं, हा नेम सत्तावीस वर्षं चुकला नव्हता. या सत्तावीस वर्षांत जिंकणं एकदाही जमलं नव्हतं, ते सोडा.

ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच धूळ आणि वेग डोळ्यांपुढे आणाल. इथे वेगाला कुत्रं विचारत नाही. माळावर दहा अवघड जागा आखलेल्या असतात. कुठे दगडांचा ओढा, कुठे निसरडा चढ. उजवीकडे लाल खुंटी, डावीकडे निळी, आणि त्यांच्या मधून पाय न टेकता गाडी काढायची. अशा तीन फेऱ्या. प्रत्येक जागेवर एक निरीक्षक उभा असतो. पाय टेकला की तो बोट वर करतो, एकदा टेकला तर एक, दोनदा तर दोन. गाडी बंद पडली किंवा तुम्ही आडवे झालात की पाची बोटं. आणि पाय अजिबात टेकला नाही तर मूठ. मूठ म्हणजे कोरा. सगळ्या जागांवर मूठ मिळाली तर दंडाच्या गुणांचं कार्ड कोरं राहतं, आणि क्लबातल्या म्हाताऱ्यांना स्वर्गापेक्षा त्या कोऱ्या कार्डाची ओढ जास्त.

"मागच्या चाकात हवा किती ठेवलीस?" क्लेमने विचारलं. क्लेम थॅक्रे हा हार्टलीचा शाळेपासूनचा दोस्त. भिंतींना गिलावा करायचा त्याचा धंदा, आणि न विचारता सल्ला द्यायचा त्याहून मोठा.

"चार."

"चार? दगड ओले आहेत रे! साडेतीन कर. क्लचवर एकच बोट ठेव, बाकीची हँडलला. आणि त्या दगडाकडे बघू नकोस बाबा. दगडाकडे बघितलंस की गाडी दगडावरच जाते. जिथे जायचंय तिथे बघ."

"सत्तावीस वर्षं हेच सांगतोयस."

"आणि सत्तावीस वर्षं तू दगडाकडेच बघतोयस, लेका! आधी पायी चालून बघ, मग गाडी घाल. गाडीवरून दिसतं ते अर्धंच."

पण त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. पहिली फेरी हार्टलीची कोरी गेली. दुसरीही कोरी. क्लेमने स्वतः तोवर अकरा गुण चढवून घेतले होते आणि दोनदा ओढ्यात आंघोळ केली होती.

"आज काय खाऊन आलायस तू?" हेल्मेटातलं पाणी ओतत तो म्हणाला. "एवढी शेवटची फेरी कोरी जाऊ दे, मग तुला कोरा चहाच पाजतो, दुधवाल्या!"

हार्टली हसला खरा, पण हात गुडघ्याचा पट्टा आवळत होता. गुडघ्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या वर्षी गाडी बंद. म्हणजे ही संधी शेवटची. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कोरं कार्ड हातात घेऊन घरी जायचं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

तिसऱ्या फेरीत सातवी जागा त्याने कोरी काढली आणि तिथून निघाला तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. तेवढ्यात धुकं उतरलं. तिथलं मार्चमधलं धुकं हळूहळू येत नाही, ते माळावरून चालत येतं आणि तुम्हाला गाठतं. आधी समोरची टेकडी गेली. मग दगडी भिंत गेली. मग त्याच्या स्वतःच्या पुढच्या चाकापलीकडे काही उरलं नाही. मेंढरं ओरडायची थांबली. ओल्या मातीचा आणि जुन्या लोकरीचा वास तेवढा राहिला, आणि त्याच्या गाडीची फटफट. तीही कोणीतरी कांबळ्याखाली दाबून धरल्यासारखी.

भिंतीपाशी उजवीकडे वळायचं होतं. तो बहुधा डावीकडे वळला.

थोडं पुढे गेल्यावर त्याला खुंट्या दिसल्या. उजवीकडे लाल, डावीकडे निळी. रंग उडालेले होते, पण धुक्यात रंग कोण बघतो? ही आठवी जागा, असं त्याने धरलं. आठवी त्याने सकाळी पायी चालून बघितली होती, दोनदा पारही केली होती. आता परत कशाला उतरायचं? गुडघा ठणकत होता. तो उतरला नाही. त्याने क्लचवर एक बोट ठेवलं आणि गाडी आत घातली.

घळ अरुंद होती. आठवी एवढी अरुंद नाही, हे त्याला जाणवलं, पण तोवर चाकं दगडांवर चढली होती आणि दगडांवर चढल्यावर विचार करायचा नसतो. एक दगड पार झाला. दुसरा झाला. गाडी लटपटली, त्याने अंग बाहेर झोकून ती सावरली. पाय वरच राहिले. पुढे चढ होता. त्याने मान वर केली, जिथे जायचंय तिथे बघितलं.

चढाच्या माथ्यावर निरीक्षक उभा होता. लांब कोट, सपाट टोपी. चेहरा धुक्यात. त्याचा उजवा हात वर गेला, आणि हाताची पाची बोटं ताठ उघडली.

पाच!

हार्टलीच्या डोक्यात तिडीक गेली. माथ्याशी पोहोचताच त्याने ब्रेक दाबला. "कसला पाच? अहो, पाय तरी टेकला का माझा? डोळे आहेत की बटणं?"

माणसाचा हात तसाच वर.

"सत्तावीस वर्षं झाली मला! सत्तावीस! आणि आज तुम्ही..." हार्टलीने रागाने पाय खाली टेकवला, गाडी बंद पडली, आणि आता खरोखरच पाच झाले. त्याने आणखीही काही ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग शांतता झाली. त्या शांततेत त्याच्या पुढच्या चाकाखालून एक दगड सुटला. पलीकडच्या उतारावर घरंगळत चार हात गेला... आणि मग आवाज येईना. हार्टली ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने, फार खोलवरून, पाण्याचा बारीकसा डुबुक आवाज आला.

त्याने मान वर केली. माथ्यावर कोणी नव्हतं.

तो गाडीवरून उतरला, ओणवा झाला, हाताने चाचपत पुढे सरकला. त्याच्या चाकापासून चार हातांवर जमीन संपत होती. शिशाच्या जुन्या खाणीची विहीर. वर टाकलेल्या फळ्या कुजून आत लोंबत होत्या, आणि आतून वर येणारा वारा थंड होता, त्याला तांब्याच्या भांड्यासारखा वास होता. हार्टली तिथेच मटकन बसला.

आणि मग मागून दुसऱ्या गाडीची फटफट ऐकू आली. क्लेम! त्याच्या चाकाच्या खुणेवरून येत होता. दुसरं कोण येणार?

हार्टली उठला. गुडघा, पट्टा, सगळं विसरून उठला. दोन्ही हात वर करून, दहाही बोटं पसरून बेंबीच्या देठापासून ओरडला, "पाच! क्लेम, पाच! पाच!"

क्लेमची गाडी धुक्यातून बाहेर आली आणि थांबली. "तू कधीपासून निरीक्षक झालास?" तो म्हणाला. "आणि पाच कशाबद्दल रे? किती सुंदर येत होतो!"

हार्टलीने फक्त बोट दाखवलं. क्लेमने बघितलं. मग क्लेम थॅक्रे, जो झोपेतसुद्धा बोलतो असं त्याची बायको सांगते, तो खाली उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

खाली चहाच्या तंबूत एनिड सन्टर कार्डं गोळा करत होती. ऐंशीला टेकलेली बाई, क्लबाची चिटणीस, तिचे वडील विल्फही क्लबाचेच. हार्टलीने तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "डावीकडच्या घळीत तुम्ही आज कोणाला उभं केलं होतं?"

एनिडने कार्डं खाली ठेवली.

"तिथे अठ्ठावन्न सालानंतर जागा आखलेली नाही," ती म्हणाली. "त्या वर्षी आमचे वडील निरीक्षक होते तिथे. जेफ नावाचा मुलगा आला, एकोणीस वर्षांचा. फार सुरेख चालवायचा. घळ कोरी काढली त्याने. वडिलांनी मूठ वर केली. आणि जेफने ती मूठ बघायला मागे मान वळवली... आपण सगळेच वळवतो ना. गाडी विहिरीवरच्या फळ्यांवर गेली, आणि फळ्या मोडल्या." तिने समोरची कार्डं सरळ केली. "वडील म्हणायचे, मी मूठ दाखवायला नको होती, पाच दाखवायला हवे होते. तो थांबला असता. मरेपर्यंत हेच म्हणायचे."

क्लेमने तिच्यापुढे चहा सरकवला. तिने घेतला नाही.

"हार्टली," ती म्हणाली, "तू त्यांना थँक्यू म्हणालास ना?"

हार्टलीने मान खाली घातली. निरीक्षक दिवसभर थंडीत फुकट उभा राहतो. त्याने पाच दिले तरी त्याला थँक्यू म्हणूनच पुढे जायचं, ही तिथली रीत. "मी त्यांना शिव्या घातल्या," तो म्हणाला.

"मग जा," एनिड म्हणाली. "पण आधी ती विहीर नीट झाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्टलीला जाग आली तेव्हा बायको खाली टोस्ट जाळत होती. रोजच जाळते. तो अंथरुणातच पडून तो वास घेत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या आठवड्यात त्याला सगळ्याचंच अप्रूप वाटत होतं. टँकरच्या गार स्टिअरिंगचं, ठणकणाऱ्या गुडघ्याचं, क्लेमच्या अखंड बडबडीचंसुद्धा. कोऱ्या कार्डाची त्याला आठवणही झाली नाही. सत्तावीस वर्षं ज्याच्यामागे धावलो ते गेलं, आणि त्याच्या बदल्यात हे सगळं मिळालं, असं त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, टोस्ट खा.

शनिवारी तो आणि क्लेम शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मागून घेऊन वर गेले. रेल्वेरुळांखालच्या जाडजूड लाकडी पट्ट्या विहिरीवर एकाला एक लावून टाकल्या, बोल्टांनी आवळल्या. लखलखीत ऊन होतं. मैलभर पलीकडचं मेंढरू दिसत होतं.

"हत्ती नाचव आता," पट्ट्यांवर उड्या मारत क्लेम म्हणाला. "ए, मी ट्रॅक्टर देऊन येतो. तू कर तुझं काय ते. मला असलं जमत नाही."

तो गेला. हार्टली माथ्यावर, तो माणूस उभा होता तिथे जाऊन उभा राहिला. टोपी काढली. काय बोलावं ते त्याने येताना चारदा घोकलं होतं, पण आठवेना.

"थँक्यू," तो म्हणाला. "तुमच्यामुळे मी घरी गेलो. क्लेमही गेला. त्या दिवशी तोंड सोडलं त्याबद्दल माफ करा. फार... फार उपकार झाले."

वारा थांबलेला होता. त्याला एकदम मोकळं वाटलं, छातीवरचं ओझं कोणी उचलून बाजूला ठेवावं तसं. तो टोपी घालणार इतक्यात खाली घळीत मोटारसायकलची फटफट ऐकू आली.

त्याला वाटलं, कोणीतरी सराव करतंय. त्याने वाकून बघितलं. घळ या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होती, आणि तीत कोणी नव्हतं. आवाज मात्र जवळ येत होता. पहिल्या दगडावर चढला. दुसऱ्यावर चढला. जळक्या एरंडेलाचा वास आला. तसलं तेल गाड्यांत घालायचं केव्हाच बंद झालंय. हार्टली बाजूला झाला. कोणी चढ चढून येत असलं की बाजूला व्हायचं, ही अंगात मुरलेली सवय. गालावर गरम झुळूक लागली आणि पुढे गेली.

मग पट्ट्या वाजल्या. एकामागून एक. दण... दण... दण... या काठापासून त्या काठापर्यंत.

कोरड्या लाकडावर चाकाची एक ओली रेघ उमटली होती, सरळ आरपार. दोन्ही बाजूंना कुठेही पाय टेकल्याची खूण नव्हती. आणि हार्टलीचा उजवा हात वर गेलेला होता, मूठ आवळून. तो कधी वर गेला ते त्याला आजही सांगता येत नाही.

पलीकडून एका पोरसवदा गळ्याचा आवाज आला. धाप लागलेला, आनंदाने फुटणारा.

"थँक्यू, विल्फ!"

हार्टली विल्फ नव्हता, पण त्याची मूठ वरच राहिली. फटफट उतारावरून खाली गेली, भिंतीपाशी वळली, आणि दुसऱ्या फेरीसाठी घळीच्या तोंडाकडे पुन्हा येऊ लागली.